पॉईंट सहाच्या खाली

सासऱ्यांचा डावा हात आमच्या घरी वेगळ्या पाहुण्यासारखा राहत होता. त्याला स्वतःची उशी होती. सकाळी बायको त्याला उशीवरून उचलून मांडीवर घ्यायची, पुसायची, तेल लावायची आणि परत उशीवर ठेवायची. आबा (आम्ही दोघंही सासऱ्यांना आबाच म्हणायचो) तोवर उजव्या हाताने चहा पीत खिडकीबाहेर बघत. त्या हाताशी त्यांचं भांडण नव्हतं. संबंधही नव्हता.

आबांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. त्यातली बरीच वर्षं महाडहून वरंध घाटाने भोरला जाणाऱ्या गाडीवर. निवृत्त झाल्यावर ते पोलादपूरकडच्या आपल्या गावी राहिले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. एका दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, जीभ पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती, पण डावा हात खांद्यापासून लोंबता राहिला. गावात उपचार होण्यासारखे नव्हते, म्हणून आम्ही त्यांना महाडला आमच्याकडे आणलं.

माझ्याकडे वेळ होता. एमआयडीसीतल्या ज्या रसायनांच्या कारखान्यात मी नव्वदच्या दशकापासून इन्स्ट्रुमेंट विभागात होतो, तो बंद पडला होता. बंद करताना मालकांच्या वतीने एक भाषण झालं. त्यात 'कुटुंब' हा शब्द इतक्यांदा आला की भाषण संपल्यावर जेवायला वाढतील असं वाटलं. घरी आलो. दुःख झालं असं म्हणता येणार नाही. काहीच झालं नाही. वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या आणून वाचायचो आणि शेवटचं पान उलटल्यावर आत काय होतं ते आठवायचं नाही.

बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला काही होतंय का?"

"नाही."

"तेच विचारतेय," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

आबांना व्यायामासाठी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे न्यावं लागे. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांच्या खोलीत 'आशा हेच औषध' छापाचा एकही फलक नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी आवडलं. त्या आबांच्या कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला, आपली दोन बोटं ठेवत आणि म्हणत, "आजोबा, मूठ वळा." मग वाट बघत. आबाही वाट बघत, जणू मूठ दुसऱ्या कोणीतरी वळायची होती.

मार्च सरताना त्यांनी आम्हाला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "मी खोटं सांगणार नाही. माझ्या बोटांना काहीच लागत नाही. स्नायूत थोडी जरी धडपड असती तर तिला धरून पुढे जाता आलं असतं. एप्रिलअखेरपर्यंत बघू. नाही लागलं, तर मी नुसता हात वरखाली करत राहीन, ते तुम्ही घरीही कराल."

"आणि घरीही नाही केलं तर?" बायकोने विचारलं.

"मग बोटं आत वळत जातील. मूठ आवळेल ती तशीच राहील."

त्याच सुमाराला पोलादपुरात मोफत आरोग्य शिबिर झालं. बायकोचा धाकटा भाऊ मुंबईहून आला होता, त्याचा आग्रह म्हणून आबांना नेलं. मंडपाच्या कमानीवर 'भव्य' हा शब्द दोनदा होता. रुग्ण उन्हात आणि सत्कारमूर्ती पंख्याखाली अशी व्यवस्था होती. सत्कार इतके चालले की दोन रुग्ण बरे होऊन घरी गेले असावेत. मग प्रमुख पाहुणे रांगेतून फिरायला खाली उतरले. त्यांनी आबांचा डावा हात उचलला, आपल्या दोन्ही हातांत घेतला, फोटोग्राफरकडे बघून हसले आणि हात सोडून दिला. तो खुर्चीच्या लोखंडी दांडीवर आपटला. आबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"लागलं का आबा?" मी विचारलं.

"कुणाला म्हायत," आबा म्हणाले. "हात माझा नि फोटो त्येंचा."

शिबिरातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघून, झटक्याला बरेच महिने झाले, आता या हातात काही यायचं नाही, असं सांगितलं. मेहुण्याला तेवढंच हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट लोंबती आवडायची नाही.

"भावोजी, प्रॅक्टिकल बोलू या," परतताना गाडीत तो म्हणाला. "हात गेला तो गेला. मे महिन्यात मी रजा काढतो, आबांना गावाला सेट करून टाकू. शेजारची काकी बघेल. हाताला झोळी बांधायची, विषय खतम."

"झोळीत ठेवला की मूठ आवळते," बायको म्हणाली.

"अगं ताई, पण त्याचा काय यूज हाय आता?"

आबा पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते ड्रायव्हरला म्हणाले, "क्लचवरचा पाय काढ रे. प्लेटा जाळशील."

त्या आठवड्यात मी माळ्यावरून सोल्डरिंगचं सामान काढलं. मदत करावी असा काही उमाळा आला नव्हता. बाईंच्या दोन बोटांपेक्षा नाजूक काहीतरी बनवता येईल, एवढं फक्त डोक्यात आलं. स्नायू आखडतो तेव्हा कातडीवर अगदी क्षीण वीज उमटते, हृदयाचा आलेख काढतात तशीच. ती दवाखान्यातल्या चिकट चकत्यांनी पकडायची, हजारेक पटीने मोठी करायची आणि मीटरला द्यायची. ही वीज क्षणोक्षणी उलटसुलट होत असते, म्हणून मीटरच्या आधी एक डायोड लावायचा. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. तो एका दिशेचं आत सोडतो आणि काटा एका बाजूला सरकतो. जुन्या टेपडेकचा काटेवाला मीटर माझ्याकडे होता. सगळं नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्यांवर. घरातल्या विजेचा आणि आबांचा संबंध येऊ द्यायचा नव्हता.

चकत्या आधी स्वतःच्या हातावर लावल्या. मूठ वळली, काटा अर्ध्यापर्यंत गेला. आबांच्या उजव्या हातावर लावल्या, तो त्याच्याही पुढे गेला.

"ह्यात ताकद हाय अजून," आबा समाधानाने म्हणाले.

मग डाव्या हातावर लावल्या. "मूठ वळा आबा." काटा शून्यावर. "पुन्हा." शून्यावर. काटा इतका स्थिर होता की मीटर बंद पडला की काय म्हणून मी टिचकी मारून बघितली.

"म्हणजे नाही," बायको म्हणाली.

"म्हणजे काटा हलत नाही."

"एकच ना?"

कारखान्यात असताना टाकीच्या पातळीपासून भट्टीच्या तापमानापर्यंत शेकडो काटे बघितले होते, आणि त्यातून एकच गोष्ट अंगात मुरली होती: काटा शून्यावर असला की आधी मीटरवर संशय घ्यायचा. तिथल्या नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायचो की डायोड फुकट काही सोडत नाही. सिलिकॉनच्या डायोडला दार उघडायलाच साधारण पॉईंट सहा व्होल्ट लागतात. पाच व्होल्ट आले तर पॉईंट सहा गेल्याचं कोणाला कळतही नाही. पण मुळात पॉईंट सहापेक्षा कमीच आलं तर दार उघडत नाही, आणि पलीकडे शून्य. दाराबाहेर कोणी नाही म्हणून शून्य, की बाहेर आहे पण त्याच्याने दार ढकलवत नाही म्हणून शून्य, हे काट्याला सांगता येत नाही. धडधाकट हाताचं हजारपट केल्यावर व्होल्टभर व्हायचं, ते दार ढकलून आत येत होतं. आजारी हाताचं त्याच्या विसाव्या हिश्शाइतकं असलं, तर ते दारातच राहणार.

चांगल्या हातावर काटा हलला म्हणून यंत्र बरोबर, असा निष्कर्ष मी काढला होता. शिबिरातल्या डॉक्टरांना निदान घाई होती.

(डायोडवरून माणसाच्या मनाविषयी काहीतरी खोल बोलण्याची ही जागा आहे याची मला कल्पना आहे. मी इन्स्ट्रुमेंटवाला आहे. डायोड हा डायोडच असतो.)

जुन्या रेडिओत जर्मेनियमचे डायोड असत. त्यांचा उंबरठा सिलिकॉनच्या निम्म्याहूनही खाली. म्हणून बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचे दोन भाऊ आखातात होते, आणि महाडात तिथून आलेला प्रत्येक टेपरेकॉर्डर शेवटी चाचांच्या टेबलावर पोट उघडून पडलेला असे.

"जर्मेनियम?" चाचा म्हणाले. "साहेब, लोक मोबाईल घेऊन येतात माझ्याकडे. तुम्ही माझ्या अब्बांच्या टायमाचा माल मागताय."

"आहे का?"

"आहे ना. तुमच्यासारख्या माणसांसाठी असला माल ठेवतो, म्हणून तर दुकान चालत नाही माझं." त्यांनी खालच्या खणातून एका मेलेल्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड काढला आणि काचेचे दोन डायोड उपटून दिले. "कशाला पायजे?"

"सासऱ्यांच्या हाताला."

चाचांनी माझ्याकडे नीट बघितलं. कारखाना बंद पडल्यावर माणसांचं काय काय होतं ते त्यांनी गल्लीत पाहिलेलं होतं. त्यांनी डायोड कागदात जास्त काळजीने गुंडाळले.

जर्मेनियमनेही काटा हलला नाही. उंबरठा बुटका झाला तरी उंबरठाच. शिवाय एप्रिलच्या उकाड्यात जर्मेनियम उलट्या दिशेनेही झिरपतं, म्हणजे दार नीट लागतही नाही. शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. डायोडच्या आधी एक ऑपॅम्प, म्हणजे क्षीण वीज मोठी करणारी छोटी चिप, बसवला, आणि डायोडच्या पलीकडे काय पोचतंय ते पुन्हा त्याच ऑपॅम्पला दाखवणारी एक तार मागे आणली. आता जेवढं आलं तेवढं पलीकडे पोचत नसेल, तर ऑपॅम्प स्वतः जोर लावून दार उघडून धरतो. पॉईंट सहा त्याच्याकडून जातात, आलेल्याकडून नाही. जुनी, सगळ्या पुस्तकांत असलेली युक्ती. मी ती विसरलो नव्हतो. करावंसं वाटायला वेळ लागला, इतकंच.

चकत्या आबांच्या डाव्या हातावर लावल्या आणि काटा उठला.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "हलतोय! अहो, हलतोय!"

काटा शून्याच्या बराच वर जाऊन थरथरत होता. ती खाली बसली आणि तिने आबांचं मनगट धरलं. तिला थोडा वेळ तसंच बसू द्यावंसं मला वाटलं, पण सांगावं लागलं, कारण आबा झोपले होते.

"मग हे काय आहे?"

मी तिच्या टोपलीतला दुधी भोपळा आणला, पाण्याचा हात फिरवून चकत्या त्याला लावल्या. काटा तेवढाच वर गेला आणि तसाच थरथरला.

"दुधी मूठ वळतोय," मी म्हणालो.

ती हसली नाही. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो. घराच्या भिंतींत फिरणाऱ्या विजेचा गुणगुणाट असतो. पंखा, ट्यूबलाईट, फ्रीज सगळ्यांचा. ओल्या, जिवंत वस्तूंच्या अंगावर तो बसतो, आणि आता उंबरठाच उरला नसल्यामुळे तो सगळाच्या सगळा आत येत होता. आधी काहीच कळत नव्हतं, आता नको तेही कळत होतं. पंखा बंद केला, फ्रीजची पिन काढली, काटा थोडा खाली आला. भिंतीतल्या तारा आणि शेजाऱ्यांची घरं मात्र माझ्या हातात नव्हती.

पण महाडात त्या वर्षांत हा प्रश्न सरकारने रोज सोडवलेला असे. दुपारी लोडशेडिंग व्हायचं. सगळा महाराष्ट्र वीज यायची वाट बघत बसला असताना आमच्या घरात आम्ही वीज जायची वाट बघू लागलो. बायको आबांना जेवू घालून आरामखुर्चीत बसवायची, मी चकत्या लावून तयार राहायचो, दुधी शेजारच्या स्टुलावर. वीज गेली की गल्लीतून नेहमीची शिवी ऐकू यायची आणि आम्ही दोघं म्हणायचो, "गेली."

आधी दुधी. काटा खाली, शून्यावर. आता निदान दुधी दुधीसारखा वागत होता. मग आबा. "मूठ वळा." शून्य. "बोटं उचला." शून्य. "मनगट." शून्य. दोन-तीन दुपारी हेच झालं. आबांच्या कपाळावर घाम यायचा, पण तो पंखा बंद असल्याचा.

मेहुण्याचा फोन आला. टेम्पो ठरवला होता. पलंगही गावाकडेच हलवू या, म्हणजे पुन्हा खेप नको.

"थोडं थांब," बायको म्हणाली. "हे बघतायत अजून."

"ताई, भावोजींना काम नाय म्हणून चाललंय ते. तूसुद्धा काय..." फोनचा आवाज मोठा होता. तिने तो माझ्याकडे न बघता ठेवला.

त्यानंतरच्या दुपारी वीज गेल्यावर मी आबांना काही सांगितलंच नाही. चकत्या लावलेल्या होत्या, काटा शून्यावर होता. बायको दाराशी बसून पदराने वारा घेत होती. ती सहज म्हणाली, "आबा, या आठवड्यात भोरची गाडी घाटात बंद पडली म्हणे. लोक तासन्‌तास अडकले."

"नवीन पोरगा असंल," आबा म्हणाले. "ह्यांना उतरता नाय येत. ब्रेक दाबत उतरतात नि मंग वास आला की बोंबलतात. अगो, त्या देवळाच्या वरचं वळण हाय ना, तिथं ब्रेकला हातच... पायच लावायचा नाय. आधीच दुसरा गिअर टाकायचा. असा, दाबून. टाकला की गाडी आपसूक..."

काटा हलला होता. थोडाच. एक घर वर गेला आणि परत बसला.

बायको पदर हातात तसाच धरून बघत राहिली. मी बोललो ते मुद्दाम अगदी कोरड्या आवाजात.

"आबा, पुन्हा सांगा. कुठे टाकायचा दुसरा?"

"ऐकत नव्हतात काय, जावईबुवा? देवळाच्या वर."

"टाका बरं."

त्यांनी डोळे थोडे बारीक केले. काटा वर गेला, जरा थांबला, खाली आला. हात उशीवर होता तसाच पडलेला, बोटंसुद्धा हलली नव्हती.

मला अजून खात्री नव्हती. बोलताना खांदा हलला असेल, श्वास असेल. "आता गिअर न टाकता तेवढंच सांगा. नुसतं बोला."

"गिअर न टाकता घाट कसा उतरायचा?"

"उतरू नका. बोला फक्त."

"हा काय येडेपणा हाय गो," ते लेकीला म्हणाले; पण बोलले. देऊळ, वळण, ब्रेक सगळं बोलले. काटा शून्यावर. "आता टाका." काटा वर.

आम्ही महिनाभर त्यांना मूठ वळायला सांगत होतो. पण तो हात आयुष्यभर कधी मूठ वळायला म्हणून वळलाच नव्हता. त्याला ते काम माहीत नव्हतं. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला उभा असलेला गिअरचा दांडा, एवढंच त्याला माहीत होतं.

बायको उठली. मला वाटलं रडेल. तिने स्टुलावरचा दुधी उचलला आणि आत गेली, आणि बराच वेळ विळीचा आवाज येत राहिला. रात्री मेहुण्याला फोन मीच केला. "हात बरा होणार मग?" त्याने विचारलं. मी सांगितलं की ते माहीत नाही, पण टेम्पो नको. तो म्हणाला, "पलंगाचं मग नंतर बघू." त्याच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कोणी चमत्काराची वाट बघायला नको. आबांचा हात पूर्ण कधीच आला नाही. वर्षभराने त्यांना त्यात पिशवीचा बंद अडकवून दारापर्यंत नेता येऊ लागला, आणि सदऱ्याची बाही स्वतः खाली ओढता येऊ लागली. मूठ आवळली नाही. ते गावी परत गेले ते स्वतः म्हणाले तेव्हा.

त्या दुपारनंतर लगेच आम्ही बाईंकडे गेलो. मी यंत्र पिशवीतून नेलं होतं, पण त्यांच्याकडे वीज होती आणि काटा नुसता थरथरत बसला. "राहू द्या ते," त्या म्हणाल्या. त्यांनी आबांच्या कोपराखाली आपली दोन बोटं ठेवली, नेहमीपेक्षा थोडी खाली. मग माझ्याकडे बघितलं. "काय म्हणायचं म्हणालात?"

"दुसरा टाका."

"आजोबा, दुसरा टाका."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्याशा पोरीने घाटाविषयी बोलावं हे त्यांना तितकंसं पटलेलं नसावं. "क्लच दाबला का?" त्यांनी विचारलं.

"दाबला," बाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले होते. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. बायको दाराला टेकून उभी होती आणि तिने आपला डावा हात उजव्याने घट्ट धरला होता. बाईंनी दोन्ही बोटं किंचित आणखी दाबून धरली.

मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पुन्हा."